पहिले सहा आठवडे : इंग्लंडमध्ये कला शिकायला गेलेली मुले आणि त्यांचे घर

गणपतीची आरास उतरते आणि त्याच सुमारास काही घरांच्या बैठकीत दोन मोठ्या बॅगा उघड्या पडलेल्या दिसतात. इंग्लंडमधील बहुतेक कलामहाविद्यालयांचे वर्ष सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होते. चित्रकला, शिल्पकला, मुद्राचित्रण वा वस्त्रकला शिकण्यासाठी निघालेल्या मुलामुलींची प्रवेश, शुल्क, व्हिसा आणि निवास यांची तयारी महिनोन्‌महिने चाललेली असते. आरोग्याची तयारी मात्र पुष्कळदा औषधांच्या पिशवीपाशी आणि दोन जाड स्वेटरांपाशी संपते.

वास्तविक, परदेशी गेल्यावरचे पहिले सहा आठवडे प्रकृतीच्या दृष्टीने फार नाजूक असतात. या काळात उत्साहाने गेलेली मुलगी अकस्मात गप्प होते, हसरा मुलगा रात्रभर जागा राहतो आणि घरच्यांना वाटते, आपला निर्णयच चुकला. नवा उजेड व थंडी, नवी अभ्यासपद्धती आणि एकटेपणा असे तीन ताण एकाच वेळी येऊन पडतात, हे त्यामागचे कारण. प्रत्येक ताण वेगळा ओळखता आला, तर त्यावरचा उपायही सापडतो.

जुनी वाट, नवे प्रवासी

ही वाट आपल्याला नवी नाही. अलिबागजवळच्या सासवण्याचे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर 1920 च्या सुमारास लंडनला शिकण्यासाठी गेले होते. गोव्यातील साळगावात जन्मलेले फ्रान्सिस न्यूटन सूझा 1949 मध्ये लंडनला पोचले. करमरकरांच्या काळी घरचे पत्र बोटीने यायचे आणि उत्तराची वाट पाहण्यात आठवडे जायचे. आज घर खिशातल्या फोनमध्ये असते. ही मोठी सोय आहे. परंतु तिच्यामुळे एक नवी अडचणही निर्माण झाली आहे. तिच्याकडे पुढे वळू.

घड्याळ आणि उजेड

सप्टेंबरात इंग्लंडचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. पुण्यात सकाळी सातला उठण्याची सवय असलेल्या शरीराला तेथे रात्री अडीच वाजताच जाग येते. हा त्रास साधारणतः आठवडाभरात ओसरतो. मात्र दुपारी झोपणे टाळावे आणि सकाळी उठल्याबरोबर बाहेरच्या उजेडात फिरून यावे.

उजेडाचा खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे, तर लंडन साडेएक्कावन्न अंशांवर. सप्टेंबरच्या अखेरीस तेथे सायंकाळी पावणेसातच्या सुमारास सूर्य मावळतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी देशभरातील घड्याळे एक तास मागे घेतली जातात आणि एका दिवसात संध्याकाळ पावणेपाचच्या सुमारास येऊन ठेपते. डिसेंबरच्या मध्यास चार वाजण्यापूर्वीच सूर्यास्त होतो. त्या दिवसांत लंडनला जेमतेम आठ तासांचा दिवस लाभतो, तेव्हा पुण्यात तो अकरा तासांचा असतो.

चित्रकाराला हे अधिक जाणवते. रंगाची खरी छटा दिवसाच्या उजेडात कळते, आणि दहाला स्टुडिओत शिरून पाचला बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला ऊन दिसतच नाही. कमी उजेडात झोपेचे चक्र बिघडते, अंग जड होते आणि काही जणांचे मन हिवाळाभर उदास राहते. यावर साधा उपाय असा, की दुपारचा एक तास ठरवून बाहेर काढावा. रेखाटनवही घेऊन उद्यानात वा नदीकाठी बसावे. अभ्यासही होतो आणि डोळ्यांना उजेडही मिळतो.

ड जीवनसत्त्वाचा विचारही करायला हवा. शरद आणि हिवाळ्यात सर्वांनी रोज 10 मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घेण्याचा विचार करावा, असा तेथील सरकारी आरोग्यसेवेचा सल्ला आहे. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांना तो वर्षभरासाठी दिला जातो. निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी याविषयी बोलून घ्यावे.

रिकामे वेळापत्रक

आपल्याकडील कलाशिक्षणात नेमून दिलेल्या अभ्यासांना मोठे स्थान असते : स्थिरचित्र, व्यक्तिचित्र, निसर्गचित्र, ठरलेली मुदत आणि ठरलेले गुण. इंग्लंडमधील पुष्कळ अभ्यासक्रमांत आठवड्याचे तास थोडे असतात. विद्यार्थ्याला स्टुडिओतील एक कोपरा मिळतो आणि काय करायचे ते त्यानेच शोधायचे असते. प्राध्यापकांना नावाने हाक मारायची, त्यांच्याशी वाद घालायचा, आणि पूर्ण झालेल्या चित्राइतकेच महत्त्व ते कसे घडत गेले याला द्यायचे, हे सारे अपरिचित असते.

मोकळीक कागदावर सुंदर दिसते. परमुलखात एकट्या पडलेल्या मुलाला मात्र मंगळवारी कोठेही जायचे नसेल, तर तो अंथरुणातून उठण्याचे कारण हरवून बसतो. म्हणून पहिल्या आठवड्यातच स्वतःचे वेळापत्रक स्वतः आखावे. ठरलेल्या वेळी स्टुडिओत जावे, काम सुचत नसले तरी जावे. एका इयत्तेची मुले एकमेकांना ओळखू लागतात ती शेजारी काम करता करता, आणि बोलणे सुचत नसलेल्यालाही शेजारच्याकडे रंग मागता येतो.

याच हेतूने संग्रहालयेही जवळ करावीत. लंडनमधील ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, टेट मॉडर्न, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट यांच्या कायमस्वरूपी संग्रहांना प्रवेश विनामूल्य आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये आंध्रातील अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे आहेत. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली 1872 ते 1885 या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या मोठ्या प्रतिकृती केल्या होत्या. लंडनमधील आगीतून वाचलेल्या अशा अनेक प्रतिकृती व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच्या संग्रहात आहेत. आपल्याआधी आपल्या गावचा हात येथवर पोचला होता, ही जाणीव एकट्या मुलाला मोठा आधार देते.

सर्वांसमोरची समीक्षा

पहिल्या काही आठवड्यांतच ‘क्रिट’ येते. आपले काम भिंतीवर लावायचे, वर्गासमोर त्याविषयी बोलायचे आणि सर्वांचे प्रश्न ऐकायचे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना येथे दुहेरी ताण पडतो. मनातला विचार इंग्रजीत नेमका उतरत नाही, आणि ‘हे असेच का केलेस?’ हा साधा प्रश्नही आरोपासारखा ऐकू येतो. रात्री तेच शब्द कानांत घुमत राहतात आणि झोप उडते.

समीक्षेच्या आदल्या दिवशी आपल्या कामाविषयी पाच वाक्ये आधी मराठीत लिहावीत, मग इंग्रजीत मोठ्याने म्हणून पाहावीत. समीक्षा चालू असताना एखाद्या सोबत्याला मुद्दे टिपून घ्यायला सांगावे, कारण त्या वेळी धडधडत्या छातीने ऐकलेले अर्धेच लक्षात राहते. त्या रात्री वही उघडू नये. पोटभर जेवावे, फिरून यावे आणि टिपणे दुसऱ्या दिवशी वाचावीत. निम्म्याहून अधिक प्रश्न कुतूहलाचे होते, हे तेव्हा ध्यानात येते.

रंग, रसायने आणि श्वास

थंडीमुळे खिडक्या बंद असतात, हे कलाविद्यार्थ्याने विशेष लक्षात ठेवावे. टर्पेंटाईन, स्पिरिट, रेझिन यांची वाफ बंद खोलीत साठली, तर डोके दुखते, मळमळते आणि दम्याचा त्रास बळावतो. निजायच्या खोलीत तैलरंगाचे काम करू नये. लाकूड, धातू वा मुद्रणाच्या कार्यशाळेत पाय ठेवण्यापूर्वी सुरक्षिततेचे प्रशिक्षण घ्यावे लागते. ते कंटाळवाणे वाटले तरी चुकवू नये. दमा किंवा त्वचेची ॲलर्जी असल्यास तेथील तंत्रज्ञांना पहिल्याच दिवशी सांगावे.

स्वयंपाकघर आणि पैसा

थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला जरूर न्यावा. तूप, पेढे यांसारखे दुग्धजन्य पदार्थ भारतातून नेण्यास मात्र मनाई आहे. वरण-भात, पिठले, खिचडी, उसळ एवढे चार पदार्थ हाती असले, तरी प्रकृती निभावते. वसतिगृहातील धुराचा इशारा देणारी यंत्रणा फोडणीनेही वाजू शकते. तेव्हा आच मंद ठेवावी आणि धूर ओढणारा पंखा आधी लावावा. आठवड्यातून एकदा शेजारच्या मुलांना आपल्या ताटाचे आमंत्रण दिले, तर ओळखी आपोआप वाढतात.

पैशाची चिंता झोप खाते, म्हणून एक नियम ठाऊक असावा. पदवी अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला सत्रकाळात आठवड्याला साधारणतः 20 तासांपर्यंत नोकरी करता येते, पण स्वतंत्र व्यवसाय करता येत नाही. चित्रे किंवा आराखडे करून देण्याची सुटी कामे त्यात मोडू शकतात. असे काम घेण्यापूर्वी विद्यापीठाच्या विद्यार्थी-सल्ला कक्षात विचारावे.

डॉक्टरांकडे नावनोंदणी

व्हिसासोबत भरलेल्या आरोग्य-अधिभारामुळे विद्यार्थ्याला तेथील सरकारी आरोग्यसेवा मिळते. परंतु त्यासाठी जवळच्या डॉक्टरांकडे आपणहून नाव नोंदवावे लागते. ही नोंदणी आजारी पडण्याआधी, पहिल्याच आठवड्यात करावी. प्रतिजैविके तेथे सहसा डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळत नाहीत. दातांची आणि डोळ्यांची तपासणी येथूनच करून जावे. सरकारी सेवेतील दंतवैद्याची वेळ मिळणे अनेक ठिकाणी अवघड असते.

नव्या वर्गात सर्दी-तापाची साथ येतेच. प्रत्येक ताप मात्र त्याच साथीचा समजू नये. तापासोबत मान ताठणे, उजेड सहन न होणे, ग्लानी येणे किंवा काचेचा पेला दाबूनही फिके न पडणारे पुरळ ही मेंदूज्वराची लक्षणे असू शकतात. अशा वेळी लगेच 999 ला फोन करावा. सगळी लक्षणे दिसण्याची वाट पाहू नये. या आजाराच्या काही प्रकारांविरुद्धची लस पंचविशीच्या आतील नव्या विद्यार्थ्यांना तेथे विनामूल्य मिळते.

घरचा फोन

आता पालकांविषयी. मुलगी रात्री आठला खोलीवर परतते, तेव्हा आपल्याकडे साडेबारा झालेले असतात. आई जागत बसते, मुलीला त्याचे ओझे होते आणि ती घाईघाईने येते. सोबत्यांबरोबर जेवण्याची वेळ फोनवर जाते. दिवसातून चार वेळा घर दिसत राहिले, की परके गाव आपले होतच नाही. म्हणून आठवड्यातील दोन-तीन ठरलेल्या वेळा निवडाव्यात. भारतातील संध्याकाळी साडेसहा, म्हणजे तेथील दुपारचे दोन, ही वेळ दोघांनाही सोयीची. घड्याळे मागे गेल्यावर तेथे एक वाजलेला असतो.

‘जेवलीस का’ हे विचारावेच. त्याबरोबर ‘आज काय काढलेस, वहीचे पान दाखव’ असेही म्हणावे. चेहऱ्यावरून जे कळत नाही, ते पानावरून कळते. वडिलांनी शिक्षणासाठी कर्ज काढले असेल, तर मुले बहुधा दुःख लपवतात. ‘तुझी अडचण ऐकून आम्ही घाबरणार नाही’ हे वाक्य त्यांना निघण्याआधीच ऐकवलेले असावे. फोनवर ते रडले, तर ‘एवढा खर्च केला’ असेही म्हणू नये आणि ‘लगेच परत ये’ असेही. आधी पूर्ण ऐकावे.

दिवाळी पुष्कळदा याच दिवसांत येते आणि तेथे सुट्टी नसते. तो दिवस सर्वांत कठीण जातो. त्या संध्याकाळी मूल खोलीत एकटे नसेल, एवढी व्यवस्था आधीच त्याच्याशी बोलून करावी.

काळजी केव्हा करावी?

घरची ओढ लाटेसारखी येते आणि ओसरते. मधले दिवस बरे जातात. पण सलग दोन आठवडे झोप वा जेवण बिघडले, स्टुडिओत जाणे थांबले, फोन टाळले जाऊ लागले किंवा जगण्यात अर्थ नाही असे शब्द निघाले, तर थांबू नये. विद्यापीठांत विनामूल्य समुपदेशन असते. 111 या क्रमांकावर मानसिक आरोग्यासाठीही मदत मिळते, आणि समॅरिटन्स या संस्थेचा 116 123 हा विनामूल्य क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. जिवाला धोका वाटल्यास 999.

अठरा वर्षे पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याची माहिती विद्यापीठ त्याच्या संमतीविना सहसा पालकांना देत नाही. म्हणून आणीबाणीत कोणाला कळवायचे, हे मुलाने स्वतः तेथे नोंदवावे. वसतिगृहाचा आणि विद्यार्थी-साहाय्य कक्षाचा क्रमांक घरच्या वहीत लिहून ठेवावा. माहिती मिळाली नाही, तरी ‘आमच्या मुलाची जरा विचारपूस करा’ असे पालकांना नक्की सांगता येते.

सहा आठवड्यांनी सारे सुरळीत होतेच असे नाही. कोणाला एक सत्र लागते, कोणाला त्याहून अधिक. तोवर उजेडातला एक तास, ठरलेले जेवण, स्टुडिओतला कोपरा आणि ठरलेल्या वेळी येणारा घरचा आवाज एवढे टिकले, तर पुढची वाट मुले स्वतः शोधतात.