वकिलीच्या पदवीधरांचे आंकडे

विधिमहाविद्यालयाच्या माहितीपत्रकांत ‘९० टक्के पदवीधर नोकरीस लागले’ असें वाचलें कीं परभणी, जिंतूर, गंगाखेड येथील पालकांस धीर येतो. परंतु श्रोतेहो, हे ९० टक्के कोणांपैकीं, हें आधीं विचारावें.

केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्था-क्रमवारींत २०१८ पासून कायद्याच्या संस्थाही येतात. तेथें नोकऱ्यांची माहिती संस्थाच भरून देतात, आणि मध्यक वेतन केवळ नोकरी लागलेल्यांचें असतें. समजा, ६० पदवीधरांपैकीं १० जणांस नोकरी मिळाली व मध्यक वेतन ६ लाख रुपये निघालें. हा आंकडा खोटा नाहीं. पण उरलेल्या ५० जणांविषयीं तो मुका आहे.

सनद घेऊन परभणीच्या जिल्हा न्यायालयांत ज्येष्ठ वकिलाच्या हाताखालीं तुटपुंज्या मेहनतान्यावर काम शिकणाऱ्या तरुणास नोकरदार म्हणावें कीं बेकार? मोजणारा आपल्या सोयीनें ठरवितो. अमेरिकेंत २०११ च्या सुमारास पदवीधरांनीं अनेक विधिमहाविद्यालयांवर दावे लावले. कारण अर्धवेळ व कायद्याबाहेरचीं कामेंही तेथें नोकरींत धरलीं होतीं. बरेच दावे फेटाळले गेले, तरी पुढें कामाचे प्रकार वेगळे दाखविणें संस्थांस भाग पडलें.

येथें मुलाचीं तीन किंवा पांच वर्षें व घरची शिल्लक पणास लागते. म्हणून चार प्रश्न विचारावेत: एकूण पदवीधर किती? किती जणांचा ठावठिकाणा लागला? काम कोणत्या प्रकारचें? पडताळणी कोणीं केली? उत्तर न मिळाल्यास त्या टक्केवारीस जाहिरातीहून अधिक मोल देऊं नये.