कफन परत खड्ड्यात

लाकडी फावडं दगडावर आपटलं तरी खणखणत नाही. म्हणून 19व्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधले प्रेतचोर तेच हाती घेत. सगळी कबर ते उकरत नसत. डोक्याच्या बाजूला खड्डा घ्यायचा, शवपेटीचं झाकण तेवढंच मोडायचं, दोर अडकवून प्रेत वर ओढायचं. मग कफन उतरवून परत खड्ड्यात टाकायचं आणि माती सारखी करायची. इंग्लंडच्या कायद्यात मृतदेह कुणाच्याच मालकीचा नव्हता. तो नेला तर किरकोळ गुन्हा. कफन नेलं तर मात्र चोरी, आणि तिची शिक्षा जबर.

या लोकांना नाव पडलं ‘रिझरेक्शन मेन’, म्हणजे पुनरुत्थान घडवणारे. चिरफाड झालेल्या देहाला अखेरच्या न्यायाच्या दिवशी उठता येणार नाही, या धास्तीनं गोरगरीब हवालदिल होते. त्यांच्या एकुलत्या आशेचंच नाव त्यांच्या प्रेतचोरांना मिळालं. इंग्रजीतला इतका क्रूर शब्द मला दुसरा आठवत नाही.

पुरलेला देह बाहेर काढण्याचे कागदोपत्री इंग्रजी शब्द मात्र सोवळे आहेत. ‘एक्झ्यूम’मध्ये लॅटिन ‘ह्यूमस’ आहे, आपल्या शाळेच्या पुस्तकात मातीच्या धड्यात भेटतो तोच. ‘डिसइंटर’मध्ये ‘तेरा’, म्हणजे भूमी. दोन्ही शब्द मातीचं नाव घेतात, आत कोण निजलंय ते बोलत नाहीत. आपल्या 1973च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, कलम 176मध्ये, दंडाधिकाऱ्याला अधिकार देताना ‘डिसइंटर’च वापरला होता. मराठी बातमीदार ‘पुरलेला मृतदेह बाहेर काढला’ एवढंच लिहितो, आणि बरं करतो. कोंबडी उकिरडा उकरते, भांडणात माणसं जुनी मढी उकरतात. कुणाच्या आईच्या देहाला ते क्रियापद लावायला जीभ धजत नाही.

मुळात प्रेतांची ही चोरी वैद्यकीय शिक्षणासाठी होती. 1752च्या कायद्यानं फाशी गेलेल्या खुन्यांची प्रेतं शरीरशास्त्राच्या अभ्यासाला मिळत, पण विद्यार्थी वाढले तशी ती पुरेनाशी झाली. ऐपतवाले कबरीवर लोखंडी पिंजरा बसवत. एडिंबरातल्या ग्रेफ्रायर्स दफनभूमीत असे पिंजरे आजही आहेत. बाकीच्यांनी काय करायचं? देह सडून विकण्याजोगा उरत नाही तोवर, रात्रीमागून रात्री, कबरीपाशी जागत बसायचं.

त्याच शहरात 1828मध्ये विल्यम बर्क आणि विल्यम हेअर यांनी फावड्याचे कष्टच वाचवले. माणसं गुदमरवून मारायची आणि डॉ. रॉबर्ट नॉक्स यांच्या शरीरशास्त्राच्या शाळेला विकायची. असे 16 बळी गेले. हेअर माफीचा साक्षीदार झाला, बर्क 28 जानेवारी 1829ला फासावर गेला. त्याचंही जाहीर विच्छेदन झालं. सांगाडा एडिंबरा विद्यापीठात आहे. इंग्रजीत ‘बर्क’ हे क्रियापद झालं: आधी गुदमरवून मारणं, पुढे प्रकरण दाबून टाकणं. आणि या माणसानं कबर एकही खणली नव्हती.

1832च्या ॲनॅटॉमी कायद्यानं अनाथ-निराधारांच्या वर्कहाऊसमधली बेवारस प्रेतं शाळांना द्यायची सोय केली. प्रेतचोरांचा धंदा बसला. गरिबाचा देह आता मातीत जाण्याआधीच टेबलावर पोहोचू लागला.