सराईत हात आणि कोरा कान

अलीकडे व्यापारी कुटुंबांतील तरुण मुलामुलींच्या खोल्यांत एक नवे दृश्य दिसू लागले आहे. टेबलावर लॅपटॉप, शेजारी छोटा कीबोर्ड, एक मायक्रोफोन आणि कानांवर जाडजूड हेडफोन. विचारले तर उत्तर मिळते, "म्युझिक प्रोडक्शन शिकतोय." पूर्वी ज्या कामासाठी स्टुडिओ, वादकांचा ताफा आणि ध्वनिमुद्रक लागत असे, त्याचा मोठा भाग आता एका संगणकावर होतो. वडीलधाऱ्यांचा प्रश्न मात्र निराळाच असतो. यात चार वर्षे घालवून हाती काय लागणार? शिकणाऱ्यांपैकी काही जणांची तक्रार तर याहून चमत्कारिक असते. आरंभी चाली भराभर सुचत होत्या. तंत्र कळू लागल्यापासून सुचेनाशा झाल्या, असे ते सांगतात. अनुभवाने कल्पकता वाढते की आटते, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच घरोघरी हवे आहे.

ते शोधण्यासाठी प्रथम एका किराणा दुकानात जाऊ. कच्छमधील कुंदरोडी गावाहून वीरजी शहा मुंबईस आले आणि त्यांनी किराणा मालाचे दुकान थाटले. कल्याणजी आणि आनंदजी हे त्यांचे पुत्र. दुकानाच्या एका गिऱ्हाइकाला उधारी फेडता येईना, तेव्हा त्याने पैशांऐवजी या मुलांना संगीताचे धडे दिले, असे सांगितले जाते. बुडीत खात्याची इतकी किफायतशीर वसुली मी बँकेच्या संपूर्ण नोकरीत पाहिली नाही.

१९५४ साली 'नागिन' हा चित्रपट आला. संगीत हेमंतकुमार यांचे होते. त्यातील पुंगीच्या सुरांनी देशभर वेड लावले. पण ती पुंगी नव्हतीच. ते क्लेव्हायोलिन नावाचे विजेवर चालणारे परदेशी वाद्य होते आणि वाजवणारे होते कल्याणजी. या वाद्यावर एका वेळी एकच स्वर वाजतो. पियानोसारखे स्वरांचे झुबके त्यातून निघत नाहीत. कारखान्यातून बाहेर पडताना त्याच्या माहितीपत्रकावर कोणी 'गारुड्याची पुंगी' असे छापले नसणार. या पेटीतून नाकातला, वळवळणारा स्वर काढता येईल हे ओळखायला वाद्यावरचा हात तर हवाच, शिवाय मूळ पुंगी कानात मुरलेली हवी.

गंमत अशी की, याच वाद्यातून १९६२ साली लंडनमध्ये एक सर्वस्वी वेगळी वस्तू जन्माला आली. जो मीक नावाच्या गृहस्थाने होलोवे रोडवरील चामड्याच्या वस्तूंच्या दुकानावर राहत्या घरातच स्टुडिओ मांडला होता. त्याला स्वरलेखन वाचता येत नव्हते. परंतु हवाई दलात रडारचे काम आणि नंतर मोठ्या स्टुडिओंत ध्वनिमुद्रकाची नोकरी, एवढी शिदोरी पाठीशी होती. अवकाशात नुकत्याच गेलेल्या उपग्रहावरून त्याने 'टेलस्टार' ही वाद्यरचना केली आणि तिची मुख्य धून क्लेव्हायोलिनवर वाजवून घेतली. अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत अव्वल ठरलेली ती ब्रिटिश बँडची पहिली ध्वनिमुद्रिका. एकच वाद्य मुंबईत नाग झाले आणि लंडनमध्ये उपग्रह. यंत्र तेच असताना माल वेगळा निघाला, तो वाजवून घेणाऱ्यांच्या गाठीशी असलेल्या निराळ्या अनुभवामुळे.

कल्याणजी-आनंदजींचे पुढचे काम पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. 'सम्राट चंद्रगुप्त' १९५८ चा. दहा वर्षांनी गोवर्धनराम त्रिपाठी यांच्या गुजराती कादंबरीवरील 'सरस्वतीचंद्र' आला, त्याच्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणखी दहा वर्षांनी, १९७८ मध्ये, 'डॉन'. त्यातील एका गाण्याच्या सुरावटी २००५ साली अमेरिकेतील ब्लॅक आइड पीज या गटाने आपल्या गाण्यात वापरल्या. 'सरस्वतीचंद्र'ची शालीनता आणि 'डॉन'चा धडधडता ठेका एकाच पेढीवरून निघाले, यावर नवख्याचा विश्वास बसणार नाही.

अनुभवाने नेमके काय घडते? नवशिक्याचे बहुतेक लक्ष 'कसे करावे' यातच खर्ची पडते. गायकाचा आवाज आणि बासरी एकाच स्वरपट्ट्यात आल्याने दोन्ही पुसट होतात. ढोलकी आणि बेस गिटार खालच्या सुरांत एकमेकांवर चढतात. कोणते बटण फिरवावे हे कळत नाही आणि तोवर सुचलेली कल्पना विरून जाते. पाच-पन्नास गाणी पुरी केल्यावर हे हिशेब हात आपोआप करतात. कापडाच्या व्यापाऱ्याला ताग्यावरून बोटे फिरवताच सूत कळते, तसे सराईत माणसाला दोन ध्वनी एकत्र केल्यावर काय होईल, ते वाजवण्यापूर्वीच ऐकू येते. मन मोकळे होते. 'काय करावे' याचा विचार तेव्हा कुठे सुरू होतो. ज्या तरुणांना चाली सुचेनाशा झाल्या आहेत, ते बहुधा या दोन टप्प्यांच्या मधल्या उंबरठ्यावर असतात. कान तयार झालेला असतो, हात अजून झालेला नसतो. स्वतःच्या कामातील दोष दिसतात, दुरुस्त करता येत नाहीत. हा काळ कंटाळवाणा खरा, पण घसरणीचा नव्हे.

धोका त्यापुढे आहे. सराईत हात ओळखीच्या वाटेनेच जातो. मागच्या वेळी चाललेला ठेका, मागच्या वेळी शोभलेली व्हायोलिने. आपल्या पेढ्यांवर 'हे चालत नाही, आम्ही करून पाहिले आहे' हे वाक्य ज्या सुरात उच्चारले जाते, तो सूर स्टुडिओतही ऐकू येतो. ब्रायन इनो या ब्रिटिश संगीतकाराने हे ओळखून १९७५ साली पीटर श्मिट या चित्रकारासह पत्त्यांचा एक संच काढला. काम अडले की एक पत्ता उचलायचा आणि त्यावरची तिरपागडी सूचना पाळायची. इनोच्या सहभागाने झालेल्या डेव्हिड बोवीच्या 'लॉजर' या संग्रहातील एका गाण्यासाठी वादकांनी वाद्यांची अदलाबदल केली. गिटारवादक ड्रमवर बसला आणि ड्रमवादकाने बेस गिटार घेतली. सवयीला रजा देण्याचा हा एक मार्ग. मला तो थोडा नाटकी वाटतो.

त्याहून मोलाचे उदाहरण लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओतील आहे. जॉर्ज मार्टिन हे ओबो-वादनाचे शिक्षण घेऊन १९५० मध्ये ईएमआय कंपनीत आले आणि पाच वर्षांत तिच्या पार्लोफोन विभागाचे प्रमुख झाले. बीटल्स भेटण्यापूर्वी त्यांनी पीटर सेलर्ससारख्या नटांच्या विनोदी ध्वनिमुद्रिका केल्या होत्या. दारे, पावले, स्फोट, विचित्र आवाज, फिती कापणे आणि जोडणे. प्रतिष्ठित संगीतकार ज्याला हलके काम म्हणेल, तेच भांडवल पुढे कामी आले. बीटल्सचा पहिला संग्रह घडताना ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात दहा गाणी मुद्रित झाली. चार वर्षांनंतरच्या 'सार्जंट पेपर'ला सुमारे ७०० तास लागले. माणसे तीच, अनुभव वाढला आणि वेळही वाढला! हिशेबी मनाला हे उलटे वाटेल. पण पहिल्या वेळी त्यांनी रंगमंचावर वाजवत होते तेच नोंदवले, नंतर स्टुडिओलाच वाद्य बनवले.

एप्रिल १९६६ मध्ये 'टुमॉरो नेव्हर नोज' या गाण्याचे काम निघाले. मार्टिन तेव्हा चाळीस वर्षांचे, तर मुख्य ध्वनिमुद्रक म्हणून प्रथमच बसलेला जेफ एमरिक वीस वर्षांचा. डोंगरमाथ्यावरून दलाई लामा मंत्र म्हणत असावेत तसा आपला आवाज यावा, अशी जॉन लेननची मागणी होती. एमरिकने तो आवाज हॅमंड ऑर्गनच्या गरगर फिरणाऱ्या लेस्ली स्पीकरमधून काढला. मायक्रोफोन ड्रमपासून ठराविक अंतरावर ठेवावा, हा कंपनीचा नियम त्याने मोडला. ड्रममध्ये लोकरी स्वेटर कोंबला आणि मायक्रोफोन अगदी जवळ नेला. नियम माहीत असलेला माणूस ते धाडस करता ना. मात्र त्या पोराला करू देणारा माणूस खोलीत हजर होता, आणि ऐकल्यावर 'हेच ठेवा' म्हणण्याइतका त्याचा कान कोरा होता. मार्टिन यांच्या सोळा वर्षांच्या अनुभवाचा सर्वांत चांगला उपयोग मला या ठिकाणी दिसतो.

त्यांच्याजवळ चारच ट्रॅक होते. जागा संपली की चारांचे एकत्रीकरण करून दुसऱ्या फितीवर घ्यावे लागे, आणि मग आत कोणता ध्वनी लहान-मोठा हवा होता हे बदलता येत नसे. सौदा पक्का. आज संगणकावर शेकडो ट्रॅक मिळतात आणि प्रत्येक निर्णय उद्यावर ढकलता येतो; म्हणून कित्येक तरुणांकडे अर्धवट गाण्यांचे गाठोडे असते, पुरे झालेले एकही नसते. अर्धवट गाण्यांतून अनुभव साचत नाही. पालकांनी मुलाला महागडा मायक्रोफोन घेऊन देण्यापूर्वी त्याने किती गाणी शेवटास नेली, हे विचारावे. कर्जाचे अर्ज तपासतानाही मी यंत्रांच्या किमतीआधी खेळते भांडवल पाहत असे. येथे ते भांडवल म्हणजे रोजचे दोन तास.

डिसेंबर १९६६ मध्ये 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर' या गाण्याची दोन मुद्रणे तयार होती. लेननला एकाचा आरंभ आणि दुसऱ्याचा शेवट आवडला. दोन्ही जोडा, म्हणाला. दोन्हींची पट्टी वेगळी, लयही वेगळी. फितीचा वेग कमी केला की लय आणि पट्टी दोन्ही उतरतात. दैवयोगाने वरच्या पट्टीतले मुद्रणच जलद लयीचे होते. मार्टिन आणि एमरिक यांनी ते थोडे मंद केले, दुसरे किंचित जलद केले आणि फीत कापून जोडली. गाणे सुरू झाल्यावर साधारण एका मिनिटाने तो सांधा येतो. हेडफोन लावून ऐकले तर तेथून वाद्यमेळ एकदम भरदार झालेला आणि लेननचा आवाज किंचित जड झालेला जाणवतो.