मातृभाषा कोणती? : सर्वेक्षणातील प्रश्न आणि आकडा

पडाव, लष्कर किंवा मुरारमधल्या कोणत्याही जुन्या मराठी घराला 'आपण कोणती भाषा बोलता?' असे विचारले, तर उत्तर बहुधा 'हिंदी' येईल, आणि ते खोटेही नसेल. बाजार, शाळा, कचेरी सगळे हिंदीतच चालते. पण 'आपली मातृभाषा कोणती?' हा प्रश्न वेगळा आहे. जनगणनेत मातृभाषा म्हणजे बालपणी आई आपल्याशी ज्या भाषेत बोलली ती भाषा. आई तान्हेपणीच गेली असेल, तर त्या काळी घरात मुख्यतः बोलली जाणारी भाषा. येत असलेल्या इतर भाषा वेगळ्या रकान्यात लिहितात. घर तेच, माणसे तीच. प्रश्न बदलला की आकडा बदलतो.

याचे मोठे उदाहरण १९९९-२००० च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत सापडते. खाद्यपदार्थांवरचा खर्च त्या वेळी सात दिवसांचा आणि तीस दिवसांचा असा शेजारशेजारच्या रकान्यांत विचारला गेला. एक उत्तर दुसऱ्याशी जुळवून दिले गेले असावे, अशी शंका अभ्यासकांनी घेतली. त्यामुळे गरिबी खरोखर किती घटली, यावर पुढे अनेक वर्षे वाद चालला.

प्रश्नाइतकेच महत्त्व आहे तो कोणाला विचारला याला. ग्वाल्हेरातील मराठी मुलांना मराठी किती येते, हे मंडळाच्या सभासदांच्या यादीवरून पाहिले तर चित्र फार गोड दिसेल. कारण मंडळाशी नाते तुटलेली घरे त्या यादीत नसतातच. म्हणून प्रत्येक भागातील मराठी घरांची पूर्ण यादी करून चिठ्ठ्या टाकाव्यात. निवडलेल्या घराला कुलूप असेल, तर शेजारच्यांना विचारून काम उरकू नये. संध्याकाळी पुन्हा जावे. एखाद्या भागातून प्रमाणाबाहेर जास्त घरे घेतली असतील, तर बेरजेच्या वेळी तो भार कमी करावा.

हा नुसता हिशेब नव्हे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी, असे राज्यघटनेचे कलम ३५०-अ सांगते. अशी सोय मागताना पहिला प्रश्न येतो, 'तुम्ही आहात किती?' तेव्हा प्रगणक दारी आला की प्रश्न पूर्ण ऐकून घ्या, घरातल्या प्रत्येकाचे उत्तर वेगळे द्या, आणि कागदावर काय उतरले तेही पाहून घ्या.