ओट्यावरची एलईडी पट्टी: वॅटआधी सीआरआय

चंद्रपूर जिल्ह्यातील मूलच्या भातपट्ट्यात ओट्यावर तांदूळ निवडताना खडा चटकन दिसावा, किंवा चिचपल्लीच्या बांबू केंद्रात शिकलेल्या कारागिराला कामट्यांच्या छटा ओळखू याव्यात, यासाठी पट्टीचा सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात हे सांगणारा शंभरपैकी अंक, 90 च्या वर असावा. दुकानात मात्र बहुधा वॅटच सांगितले जातात. लांब ओट्यावर 12 व्होल्टची पट्टी टोकाकडे मंदावते, कारण तेवढ्याच वॅटसाठी तिच्यातून 24 व्होल्टच्या पट्टीच्या दुप्पट विद्युतप्रवाह वाहतो आणि तांब्याच्या पातळ थरात व्होल्टेज घटते. चंद्रपूरकडच्या उन्हाळ्यात, जेथे पारा 45 अंशांपलीकडे जातो, पट्टी थेट लाकडावर न चिकटवता उष्णता शोषणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पन्हळीत बसवावी. ॲडाप्टरची क्षमता पट्टीच्या एकूण वॅटपेक्षा 20 टक्के अधिक घ्यावी.