भूगर्भातील पाण्याचा जमाखर्च

आपल्या संघाच्या स्मरणिकेत बाजारभाव, करव्यवस्था व व्यापारविषयक कायदे यांवर अधिकारी व्यक्ती लिहितातच. प्रस्तुत लेखकाचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतच झाले असून सारी हयात धान्याच्या ठोक व्यापारात गेली आहे. अशा माणसाने भूशास्त्राच्या प्रांतात पाऊल का टाकावे, असा प्रश्न सुज्ञ वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, विहिरींचे पाणी आटत चालल्याची वार्ता मला कोणत्याही ग्रंथातून नव्हे, तर गव्हाच्या वानगीतून प्रथम कळली.

गव्हाला पेरणीनंतर सुमारे तीन आठवड्यांनी एक पाणी अत्यावश्यक असते आणि दाण्यात चीक भरताना दुसरे. हे शेवटचे पाणी चुकले की दाणा सुरकुततो, हलका पडतो, आणि तळहातावर घेताच अनुभवी दुकानदारास तो ओळखू येतो. ज्या गावांचा गहू टपोरा म्हणून आम्ही डोळे मिटून घेत असू, त्याच गावांच्या वानगीत पोचट दाणा वाढू लागला. चौकशी करता सर्वत्र एकच उत्तर मिळे, “शेटजी, माघातच विहिरीनं तळ दाखवला.” पाऊस तर बरा झाला होता. मग पाणी गेले कुठे? या प्रश्नाचा माग घेताना जे वाचले, जाणकारांकडून जे ऐकले आणि स्वतःच्या चुकीतून जे शिकलो, ते येथे मांडण्याचा विचार आहे.

पावसाचा हिशेब प्रथम कोणी मांडला?

नद्या व झरे यांस बारमाही पाणी कोठून मिळते, याविषयी युरोपात दीर्घकाळ चमत्कारिक कल्पना होत्या. समुद्राचे पाणी जमिनीखालून डोंगरांत चढते व तेथे गोडे होऊन बाहेर पडते, असे विद्वानही मानीत. नद्या वाहत्या ठेवण्यास पाऊस अपुरा आहे, अशी त्यांची समजूत होती. पॅरिस येथील पिएर पेरो या गृहस्थाने सन १६७४ मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध करून या समजुतीस धक्का दिला. सेन नदीच्या उगमाकडील एका खोऱ्यात वर्षभरात किती पाऊस पडतो आणि नदीतून किती पाणी वाहून जाते, याचा त्याने हिशेब केला. पाऊस नदीच्या पाण्याच्या सुमारे सहापट निघाला. हा पेरो पूर्वी सरकारी महसूल वसुलीचा अधिकारी होता, हे आपणां व्यापाऱ्यांस ऐकून समाधान वाटावे. जमेची बाजू व खर्चाची बाजू शेजारी शेजारी लिहून पाहण्याची त्याची सवय शास्त्राच्या कामी आली.

जमेकडे पाऊस. खर्चाकडे ओढ्या-नद्यांतून वाहून जाणारे पाणी, उन्हाने व झाडांच्या पानांवाटे वाफ होऊन जाणारे पाणी, आणि माणसाने केलेला उपसा. उरेल ती शिल्लक जमिनीच्या पोटात. भूजलशास्त्राचा पाया आजही हाच आहे.

आपल्या पायाखालचा खडक

ही शिल्लक किती राहणार, हे मुख्यत्वे खडक ठरवितो. या बाबतीत आपला प्रदेश मोठा लक्षणीय आहे. सन २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यातील पांढुर्णा व सौंसर हे दोन तालुके शेजारी असले तरी त्यांच्या भूमीची घडण एकसारखी नाही. पांढुर्ण्याकडे प्रामुख्याने काळा कातळ आहे. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून तप्त लाव्हारस थरावर थर वाहिला व थिजला, त्याचा हा खडक. दख्खनच्या या काळ्या खडकाने आजही सुमारे ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे. सौंसरकडे मात्र त्याहून कितीतरी प्राचीन असे संगमरवर, अभ्रकाचे पाषाण व गारगोटीचे खडक उघडे पडलेले दिसतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या सन १८५१ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेतील एल. एल. फर्मोर यांनी मँगनीजच्या खाणींच्या निमित्ताने या भागाचा सखोल अभ्यास केला. त्यांचा मँगनीजवरील बृहद्ग्रंथ सन १९०९ मध्ये निघाला. या प्राचीन खडकांच्या समूहास भूशास्त्रज्ञ आज ‘सौंसर समूह’ याच नावाने ओळखतात. आपल्या तालुक्याचे नाव भूशास्त्राच्या ग्रंथांत कायमचे नोंदले गेले, याची जाणीव आपल्यांपैकी फार थोड्यांस असेल.

आता काळ्या खडकाकडे वळू. विहीर खणणारे वडार बंधू त्याचे थर उत्तम ओळखतात. वर माती, तिच्याखाली मुरूम, मग कधी बारीक छिद्रांचा मांजऱ्या खडक, कधी विटकरी रंगाचा गेरूसारखा थर, आणि कधी घणालाही दाद न देणारा काळा पाषाण. पाणी साठते ते मुरमात, मांजऱ्यातील परस्परांशी जुळलेल्या छिद्रांत आणि भेगांत. अखंड काळ्या पाषाणात ते जवळजवळ नसतेच. म्हणून एका बांधावर विहिरीला पाणी लागते व पन्नास पावलांवर कोरडा खड्डा निघतो. जमिनीखाली नद्या वाहतात अशी जी समजूत आहे, ती आपल्या भागापुरती तरी सोडून दिली पाहिजे. आपल्या खाली आहेत त्या तुटक तुटक, लहान लहान कोठ्या.

अकरा फूट चढलेली विहीर

हिशेबाच्या सोयीसाठी वर्षाचा पाऊस १,००० मिलिमीटर, म्हणजे जमिनीवर एक मीटर उंचीचे पाणी, असे धरू. एका एकरावर हे पाणी सुमारे ४० लक्ष लिटर होते. भूजलाच्या मोजणीसाठी भारत सरकारच्या तज्ज्ञ समितीने सन १९९७ मध्ये जी प्रमाणे सुचविली, त्यांनुसार गंगेच्या खोऱ्यातील गाळाच्या जमिनीत पावसाचे शेकडा २२ भाग मुरतात. आपल्या झिजलेल्या काळ्या खडकात शेकडा ७ आणि सच्छिद्र, भेगाळ काळ्या खडकात शेकडा १३. म्हणजे झिजलेल्या खडकाच्या एकरात वर्षाची खरी जमा सुमारे २ लक्ष ८० हजार लिटर.

याहून महत्त्वाची दुसरी बाब साठवणुकीची. रेताड गाळाच्या शंभर भागांतून सोळा भाग पाणी काढता येते, तर आपल्या झिजलेल्या काळ्या खडकातून केवळ दोन. कोठी एवढी अरुंद असल्यामुळे थोडे पाणी पडले तरी ती भराभर वर चढते. शेकडा ७ या प्रमाणाने मुरलेले सात सेंटिमीटर पाणी खडकातील पातळी साडेतीन मीटर, म्हणजे अकरा फुटांहून अधिक उंचावते. श्रावणात विहीर अशी चढलेली पाहून शेतकऱ्यास वाटते की, अपार संपत्ती आली. वास्तविक ती सात सेंटिमीटरांची पुंजी असते. जी कोठी लवकर भरते ती लवकरच रिती होते. माघातील आटलेल्या विहिरीचे मर्म हेच आहे.

आता खर्चाची बाजू पाहा. संत्र्याची झाडे सहा मीटर अंतराने लावल्यास एकरात सुमारे ११२ बसतात. आंबिया बहारासाठी हिवाळ्यात ताण देऊन नंतर पाणी सुरू केले की, ते पावसाळ्यापर्यंत थांबविता येत नाही. भर उन्हाळ्यात मोठ्या झाडास ठिबकने रोज ८० लिटर पाणी धरले, तर एकरास दररोज सुमारे ९,००० लिटर लागते. २ लक्ष ८० हजारांची जमा या गतीने एका महिन्यात संपते. उन्हाळ्याचे तीन महिने ही बाग जगवावयाची तर तीन एकरांत मुरलेले पाणी एका एकरास द्यावे लागते. उरलेले दोन एकर पुष्कळदा दुसऱ्याचे असतात.

माझी स्वतःची चूक

हे मला वेळीच उमगले असते तर बरे झाले असते. सुमारे वीस वर्षांपूर्वी जामसांवलीच्या शिवारालगत आमच्या थोड्या जमिनीत मी तीन एकर संत्रा लावला. विहीर अपुरी पडू लागताच पाणाड्यास बोलाविले. त्याने हातावर नारळ धरून जागा दाखविली. दोन बोअर कोरडे गेले, तिसऱ्यास चांगले पाणी लागले. घरी पेढे वाटले. दुसऱ्याच उन्हाळ्यात शेजारचे वृद्ध शेतकरी दुकानावर आले. त्यांचे धान्य आमच्या वडिलांच्या काळापासून आमच्याकडे येत असे. ते म्हणाले, “शेटजी, तुमची मोटर चालते तवा माही विहीर खाली बसते. तुमी तोलात कधी खोट केली नाही, म्हणून तुमालेच सांगतो.”

मी ते मनावर घेतले नाही. माझे पाणी दोनशे फुटांखालचे, त्यांचे चाळीस फुटांवरचे, संबंध काय, असे मी म्हणालो. पुढे एका भूजलतज्ज्ञाने समजावून सांगितले की, खोल भेगांतील पाणी बहुधा वरच्या मुरमातूनच उतरलेले असते. इतकेच नव्हे, तर बोअरचे छिद्र मधल्या अखंड थरास आरपार भेदून गेले, तर वरच्या कोठीतील पाणी त्या वाटेने खाली उतरू लागते, मोटर बंद असली तरीही. ज्या तोलासाठी त्या गृहस्थाने माझा गौरव केला, त्या तोलात मी नकळत त्यांच्याच पाण्याची खोट करीत होतो. ती रात्र झोपेविना गेली, हे मान्य करण्यात संकोच नाही.

त्यानंतर अर्धी बाग काढून टाकली व तेथे पावसावरची तूर घेतली. बोअर केवळ उन्हाळ्याच्या निकडीसाठी ठेवला व त्याचे दिवस शेजाऱ्यांशी बोलून ठरविले. ओढ्याचे पाणी दगड, खडी व वाळूच्या खड्ड्यातून गाळून जुन्या विहिरीत सोडले. चमत्कार घडला नाही. शेजारची विहीर पूर्वी फाल्गुनात आटत असे, ती आता साधारण वर्षी चैत्राच्या मध्यापर्यंत टिकते. परंतु तेवढ्यात त्यांच्या गव्हाचे शेवटचे पाणी साधते.

शेजारचा व दूरचा अनुभव

आपल्या सीमेस लागून असलेला वरूड व त्यापलीकडील मोर्शी हे संत्र्याचे नामांकित तालुके शासकीय मोजणीत ‘अतिशोषित’ ठरलेले आहेत. वर्षाच्या जमेपेक्षा उपसा अधिक, असा या शब्दाचा अर्थ. सन २०२३ च्या मोजणीनुसार भारतात वर्षाकाठी काढण्याजोगे भूजल सुमारे ४०७ अब्ज घनमीटर असून उपसा सुमारे २४१ अब्ज घनमीटर होता, म्हणजे शेकडा ५९. या उपशापैकी शेकडा ८७ भाग शेतीकडे जातो. हा आकडा पाहून निश्चिंत होणे मात्र धोक्याचे, कारण सरासरीत भरलेली व रिकामी अशा दोन्ही कोठ्या मिसळलेल्या असतात. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातील सूक्ष्म फरक टिपणाऱ्या जोड उपग्रहांच्या साहाय्याने शास्त्रज्ञांनी सन २००९ मध्ये दाखवून दिले की, राजस्थान, पंजाब, हरियाणा व दिल्ली या भागाने सन २००२ ते २००८ या काळात सुमारे १०९ घनकिलोमीटर भूजल गमाविले. गाळाची एवढी मोठी कोठी जेथे रिती होऊ लागली, तेथे आपल्या शेकडा दोनच्या कोठीची कथा काय?

उलट अहिल्यानगर जिल्ह्यातील, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील, हिवरे बाजार या गावाचे उदाहरण पाहावे. तेथे पाऊस मोजतात, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतात व पीक त्यानुसार ठरवितात. शेतीसाठी बोअर घेण्यास आणि ऊस व केळी लावण्यास त्या गावाने स्वतःवर बंदी घालून घेतली. यामागे नेतृत्व करणारे श्री. पोपटराव पवार यांस सन २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

आपण काय करू शकतो?

आपल्या गोदामांची पत्र्याची छपरे ही मोठी साधने आहेत. १,००० मिलिमीटर पावसात ५,००० चौरस फूट छपरावरून, शेकडा २० भाग वाया गेले तरी, सुमारे ३ लक्ष ७० हजार लिटर पाणी मिळते. एका एकराच्या नैसर्गिक भरतीपेक्षा हे अधिक आहे. पहिल्या पावसाचे घाण पाणी बाहेर सोडून द्यावे, नंतरचे गाळून जवळच्या जुन्या विहिरीत उतरवावे. गोदामाच्या फरशीचे धुवण मात्र त्यात कदापि जाऊ देऊ नये. ज्यांची शेती आहे त्यांनी विहिरीची पातळी दर अमावास्येस फीत सोडून मोजावी व वहीत लिहावी. केंद्रीय भूजल मंडळ आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. आपल्या गावाची वही आपणच ठेवली पाहिजे. बागेसाठी कर्ज वा उचल देताना जमिनीबरोबर पाण्याचीही चौकशी करावी. आणि शेजाऱ्यास विचारल्यावाचून नवा बोअर घेऊ नये.

आपल्या घरांतील जुन्या चालीची येथे आठवण होते. माझी आजी पाणी दुहेरी कापडातून गाळीत असे, आणि गाळण्यावर राहिलेली जिवाणी ज्या विहिरीचे पाणी, त्याच विहिरीत, तळापर्यंत हळुवार पोचवीत असे. आम्ही मुले कंटाळून म्हणत असू, “इथेच ओत ना!” ती म्हणे, “जिथून घेतलं तिथंच पोचवायचं.” सूक्ष्म जीवांविषयीची ती करुणा होती. परंतु घेतले तेथे परत देण्याची तीच शिस्त पाण्यालाही लावता येईल, असे या वयात वाटू लागले आहे.

यंदा पावसाळ्यापूर्वी प्रत्येक सभासदाने निदान एका गोदामाचे पाणी एका विहिरीस जोडावे, एवढीच नम्र विनंती. पुढील स्मरणिकेत किती छपरे जोडली गेली व किती विहिरी मोजल्या गेल्या, याचा ताळेबंद छापता आला, तर प्रस्तुत लेखकास या लेखाचे सार्थक झाले असे वाटेल.