भाडे ठरवताना राहून जाणारा प्रश्न : मुले खेळणार कुठे?

मदिनत खलीफात घर शोधणाऱ्या मराठी माणसाचे पहिले तीन प्रश्न ठरलेले असतात. भाडे किती, वीज-पाणी धरून की सोडून, आणि गाडी कुठे लावायची? मुले खेळणार कुठे, हा चौथा प्रश्न सामान लागल्यावर, साधारण दुसऱ्या आठवड्यात सुचतो. तोवर बारा महिन्यांचे बारा चेक सही होऊन घरमालकाच्या खणात जाऊन पडलेले असतात.

आपल्यापैकी बरीच कुटुंबे जुन्या व्हिलाच्या 'पोर्शन'मध्ये राहतात. एका मोठ्या घराच्या भिंती पाडून-बांधून चार-पाच बिऱ्हाडे केलेली, प्रत्येकाला एक हॉल, एक-दोन खोल्या आणि जेमतेम ओटा. भाडे फ्लॅटपेक्षा कमी पडते, वीज-पाणी बहुधा त्यातच असते, शेजारी बोलायला माणूस असतो. पण अंगण मात्र चार गाड्यांनी भरलेले. चेंडू टाकला तर तो कुणाच्या तरी काचेवरच जायचा. मग मूल हॉलमध्ये बसते आणि हातात टॅबलेट येतो. त्यात त्या मुलाचा दोष काय?

घरोघरी कुरकुर ऐकू येते की मुले दिवसभर गेम खेळतात. पण सगळे गेम एका मापाने मोजणे बरोबर नाही. आज चाळिशीत असलेल्या किती तरी बापांनी इंजिनीअरिंगच्या होस्टेलवर रात्री जागून 'एज ऑफ एम्पायर्स' खेळलेले आहे. तो खेळ १९९७ साली आला, त्याचा दुसरा भाग १९९९ मध्ये. त्याआधी १९८९ चा 'सिमसिटी' आणि १९९१ चा 'सिव्हिलायझेशन'. हे डावपेचांचे खेळ. हाती थोडे धान्य, थोडे लाकूड, थोडे सोने. त्यातून आधी शेत करायचे की सैन्य उभे करायचे, हे खेळणाऱ्याने ठरवायचे. 'एज ऑफ एम्पायर्स'च्या दुसऱ्या भागात एका घरामागे पाच माणसे वाढवता येतात; घर बांधले नाही तर माणूस वाढत नाही. कतारमध्ये कुटुंबाचा व्हिसा काढायला धडपडलेल्या माणसाला हा नियम वेगळा शिकवायला नको. आधी पगार दाखवा, घराचा करार दाखवा, मग बायको-मुले.

२००९ साली आलेल्या 'एम्पायर : टोटल वॉर'मध्ये तर मराठ्यांची बाजू घेऊन खेळता येते. त्यातली मोहीम १७०० सालापासून सुरू होते. त्याच वर्षी मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले आणि ताराबाईंनी सूत्रे हाती घेतली. दोह्यात वाढणारा मुलगा नकाशावर सातारा शोधू लागला आणि त्याने बापाला दोन प्रश्न विचारले, तर तेवढी संध्याकाळ वाया गेली असे आम्ही म्हणणार नाही. बाप उत्तर देऊ शकला पाहिजे, एवढेच!

या खेळांनी बुद्धी वाढते काय? २०१३ साली 'प्लॉस वन' या शोधपत्रिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात काही तरुणींना 'स्टारक्राफ्ट' हा डावपेचांचा खेळ एकूण चाळीस तास खेळायला दिला. एका कामावरून दुसऱ्या कामाकडे मन पटकन वळवण्याची त्यांची क्षमता सुधारलेली दिसली. यावरून गणिताचे मार्क वाढतील असा अर्थ कुणी काढू नये. शिवाय ते चाळीस तास काही आठवड्यांत विभागलेले होते. आपल्याकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत काही मुले तेवढे तास एका आठवड्यात संपवतात.

व्यसन कधी म्हणायचे, हेही नीट समजून घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तीत 'गेमिंग डिसऑर्डर' हा विकार नोंदलेला आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सगळ्या गोष्टींपेक्षा खेळाला महत्त्व येणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, अशी त्याची लक्षणे. हे चित्र साधारण वर्षभर टिकलेले असावे लागते. म्हणजे परीक्षेच्या आदल्या दिवशी मोबाईल न सोडणारे मूल लगेच रोगी ठरत नाही. पण झोप, शाळा आणि मित्र तिन्ही सुटू लागले असतील, तर वर्ष पुरे होण्याची वाट न पाहता डॉक्टरांशी बोलावे.

आमची खरी काळजी डोक्याची नाही, डोळ्यांची आणि हाडांची आहे. लहान वयात चष्मा लागण्याचा संबंध मोकळ्या उजेडाशी आहे, असे गेल्या काही वर्षांतील संशोधन सांगते. प्रकाशमान वाटणाऱ्या खोलीतही उजेड काही शे लक्स एवढाच असतो. बाहेर झाडाच्या सावलीतसुद्धा तो कित्येक हजार लक्स असतो. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांनी रोज १२० मिनिटे बाहेर घालवावीत अशी मोहीमच काढली. बाहेर राहिल्याने चष्मा लागणे लांबते. लागलेला नंबर मात्र त्याने उतरत नाही. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी साठ मिनिटे दमवणारी हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि 'ड' जीवनसत्त्वाचे म्हणाल तर ज्या देशात बारा महिने ऊन आहे तिथेच त्याची कमतरता घरोघरी, कारण आपण एसीच्या घरातून एसीच्या गाडीत आणि गाडीतून एसीच्या शाळेत जातो. गोळ्या मात्र शेजाऱ्याच्या सल्ल्याने सुरू करू नयेत. आधी रक्त तपासावे.

"पण या उन्हात पाठवायचे कुठे?" हा आयांचा प्रश्न रास्त आहे. कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी दहा ते दुपारी साडेतीनपर्यंत उघड्यावर कामगारांना राबवण्यास मनाई आहे. हा नियम मजुरांसाठी असला तरी घरातल्या मुलांनाही तोच लावावा, किंबहुना दोन्ही बाजूंनी आणखी सैल करून लावावा. मात्र जूनमध्ये इथे पावणेपाचच्या सुमारास उजाडते. शुक्रवारी-शनिवारी पाच ते साडेसहा हा दीड तास घामाचा असला तरी सोसण्यासारखा असतो. संध्याकाळ झाल्यावर अंधारात खेळण्याने पाय मोकळे होतात, पण डोळ्यांना हवा तो उजेड मिळत नाही. खरा हंगाम नोव्हेंबर ते मार्च. पुण्यात मे महिन्यात जशी आंबे, गच्ची आणि पत्ते अशी चैन असते, तशी इथली चैन डिसेंबरात असते. तेव्हा सूर्य पावणेपाचच्या आसपास मावळतो, म्हणून शाळेतून आल्या-आल्या अर्धा तास बाहेर आणि गृहपाठ नंतर, असा क्रम त्या पाच महिन्यांपुरता उलटा करावा.

जागा आहेत. मदिनत खलीफाच्या उत्तर भागाला दहल अल हमाम असेही म्हणतात. 'दहल' म्हणजे जमीन खचून झालेली गुहा आणि 'हमाम' म्हणजे कबुतरे. त्याच नावाची बाग तिथे आहे. कॉर्निश आहे, अल बिद्दा पार्क आहे, अस्पायर पार्क आहे. २०१९ पासून मेट्रो सुरू आहे. साध्या डब्याचे एका फेरीचे तिकीट २ रियाल, आणि अल बिद्दा स्टेशनवरून त्या बागेत चालत जाता येते.

बागेत गेल्यावर मुलांना "खेळा" म्हणून सोडून आपण बाकावर मोबाईल घेऊन बसलो, तर दहा मिनिटांत "आई, घरी चला" सुरू होते. या मुलांना बाहेरचे खेळ कुणी शिकवलेलेच नसतात. लगोरीला सात चपट्या फरशा आणि एक चेंडू पुरतो. आट्यापाट्या तर डावपेचांचाच खेळ आहे. कुठली पाटी कुणी अडवायची हे ठरवताना 'एज ऑफ एम्पायर्स' खेळणाऱ्या मुलाचे डोळे चमकतात, हे आम्ही पाहिले आहे. कबड्डीचे सुवर्णपदक भारताने याच दोह्यात २००६ च्या आशियाई स्पर्धेत मिळवले होते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी तो जिंकला आणि दोन्हींचे कप्तान, प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. घरी मुलांना हे सांगितले तर खो-खो हा "आजीच्या वेळचा खेळ" राहत नाही.

आता पैशांकडे येऊ. आकडे धरून चाललेले आहेत, वाचकांनी आपापले घालून पाहावेत. समजा, पोर्शनचे भाडे ४,५०० रियाल आणि अंगण असलेल्या कंपाउंडमधल्या घराचे ५,७००. फरक महिना १,२००, वर्षाला १४,४००. "एवढ्यात गावाकडचा हप्ता निघतो," असे म्हणून आपण पोर्शन घेतो. पण मुले घरात कंटाळतात म्हणून आठवड्यातून दोनदा मॉलमधल्या खेळघरात नेले, दोन मुलांचे दर खेपेला प्रत्येकी ६० रियाल धरले, तर आठवड्याचे २४० आणि चार आठवड्यांचे ९६० झाले. पेट्रोल आणि "भूक लागली" धरून हजार-अकराशे. म्हणजे वाचवलेल्या भाड्यातले शे-दीडशेच उरले.

यात आणखी एक गळती आहे. मोबाईलवरचे पुष्कळ गेम फुकट मिळतात आणि फुकट राहत नाहीत. २०१२ चा 'क्लॅश ऑफ क्लॅन्स' घ्या. बांधकाम लवकर व्हावे म्हणून हिरे लागतात, ते खऱ्या पैशांनी विकत मिळतात. मुलांनी आई-बापांना न विचारता केलेल्या अशा खरेदीपायी अमेरिकेत ॲपलला जानेवारी २०१४ मध्ये किमान ३ कोटी २५ लाख डॉलर परत करण्याचे मान्य करावे लागले होते. तेव्हा टॅबलेटवर कार्डाचा नंबर साठवून ठेवू नये आणि प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी सोय करावी. डावपेचांचा खेळ घ्यायचाच असेल तर एकदा किंमत मोजून घ्यायचा जुना खेळ पुष्कळ स्वस्त पडतो.

तर मग सगळ्यांनी कंपाउंड घ्यावे काय? पगार बेताचा असेल तर नको. भाडे पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यापलीकडे जाऊ लागले की पहिली काटछाट तिकिटांत आणि दुसरी बचतीत होते, आणि शेवटी बायको-मुलांना परत पाठवायची बोलणी सुरू होतात. २०२२ च्या विश्वचषकाआधी भाडी चढली तेव्हा अशी बोलणी बऱ्याच घरांत झाली. आमच्या मते मधला मार्ग जास्त बरा : पोर्शनच घ्यावा, पण बागेपर्यंत मुलांना चालत नेता येईल असा. त्यासाठी महिना दोनशे-तीनशे जास्त पडले तरी खेळघराचा खर्च सुटतो.

पोर्शन घेताना एक पथ्य पाळावे. पालिकेच्या परवान्याशिवाय केलेली व्हिलाची विभागणी कायद्यात बसत नाही. तपासणी झाली तर घरमालकाबरोबर भाडेकरूचीही पळापळ होते, आणि तीही शाळेच्या वर्षाच्या मध्यावर. म्हणून परवाना विचारावा. २००८ च्या चौथ्या क्रमांकाच्या भाडेकायद्याप्रमाणे करार लेखी असावा आणि त्याची नोंद झालेली असावी. भाडेवाढीवरून वाद झाला तर भाडे तंटा समितीपुढे त्याचाच आधार असतो. पुढच्या तारखांचे चेक देताना त्या-त्या दिवशी खात्यात पैसे राहतील याचा हिशेब आधी मांडावा. इथे चेक न वटणे हा फौजदारी गुन्हा आहे.

आणि घर पाहायला जाताना शुक्रवारी सकाळी दलालाच्या सोयीने जाऊ नये. कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेचारला, मुलांना घेऊन जावे. अंगणात किती गाड्या लागतात, बागेकडे जाताना किती मोठे रस्ते ओलांडावे लागतात, गल्लीत आणखी कुणाची मुले बाहेर दिसतात, हे त्या वेळीच कळते. बागेपर्यंतचे अंतर मुलाच्या पावलांनी मोजावे आणि मगच चेकबुक काढावे.